नकाशाचे वय : दुचाकीवरील दिशादर्शनाची एक चिकित्सा
(एरंडोल परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एरंडोल हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अंजनी नदीच्या काठी वसले आहे. लोकपरंपरा या गावाला महाभारतातील एकचक्रानगरी मानते. गावातील पांडववाडा आणि पद्मालयाजवळील भीमकुंड ही त्या परंपरेची दृश्य ठिकाणे होत. एकचक्रानगरीचा मान सांगणारी गावे भारतात इतरत्रही आहेत. परंतु त्या वादाशी प्रस्तुत लेखाला कर्तव्य नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, कोणत्याही शासकीय मोजणीच्या आधी लोकमानसाने या भूमीचा स्वतःचा एक नकाशा तयार केलेला होता. त्यानंतर ब्रिटिश राजवटीत मोजणी खात्याचा नकाशा आला. आज मोटारसायकलच्या हँडलवर मोबाइल अडकवून पाळधीहून पारोळ्याकडे निघालेला तरुण ज्याच्या भरवशावर वळतो, तो या भूमीचा तिसरा नकाशा होय.

या तिसऱ्या नकाशाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा तंत्रज्ञानाची स्तुती करणारे तरी असते किंवा एखाद्या अपघातानंतर केलेली निंदा तरी असते. नकाशा हीदेखील एक संहिता आहे, तिला कर्ता असतो, काळ असतो, गृहीत वाचक असतो आणि मौनही असते, या दृष्टीने तिचे वाचन मराठीत फारसे झालेले नाही. जे. बी. हार्ले यांनी १९८९ मध्ये नकाशाच्या विरचनेविषयी जो निबंध लिहिला, त्यात नकाशाकडे सत्तेची आणि मौनाची भाषा म्हणून पाहण्याची दिशा दिली होती. हार्ले यांच्यासमोर कागदी नकाशे होते. वाचक चालता असताना, किंबहुना ताशी साठ किलोमीटर वेगाने धावत असताना वाचला जाणारा नकाशा त्यांच्या विचारकक्षेत येणे शक्य नव्हते.

दोष कोणाचा : स्थाननिश्चिती आणि नकाशा

सामान्य व्यवहारात 'जीपीएस चुकले' असे म्हटले जाते. या एका वाक्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली असते. जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची यंत्रणा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले की ग्राहक यंत्र स्वतःचे अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ यांचे गणित सोडवू शकते. नागरी वापरासाठी या संकेतात जाणूनबुजून ठेवलेली अशुद्धी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतरच सामान्य वाहनचालकाला उपयोगी पडेल अशी अचूकता शक्य झाली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात आपले प्रादेशिक उपग्रह अवकाशात सोडून 'नाविक' ही स्वतंत्र प्रणाली उभी केली. मोकळ्या आकाशाखाली आजचा साधा मोबाइल आपली जागा साधारण पाच मीटरांच्या आत सांगतो.

याचा अर्थ असा की, एरंडोलच्या शिवारात उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराला तो कोठे आहे हे यंत्र बहुधा बरोबर सांगते. चूक होते ती 'तेथून पुढे काय आहे' हे सांगताना, आणि ते सांगण्याचे काम उपग्रहाचे नसून नकाशाचे आहे. आकाशातून येणारा संकेत या क्षणाचा असतो; ज्या रेषेवर तो बिंदू ठेवला जातो ती रेषा मात्र कधी काढलेली आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. वर्तमानकाळाचा बिंदू आणि अज्ञातकाळाची रेषा यांचा हा संयोग आहे. बिंदू हलताना दिसतो म्हणून रेषाही जिवंत आहे असा भास वाचकाला होतो. या माध्यमाची सर्वांत मोठी फसगत येथे आहे, असे म्हणावे लागते.

पाच मीटरांची अचूकता पुरेशी वाटते, पण चौपदरी महामार्गावर तीही अपुरी पडते. मुख्य रस्ता आणि त्याला लागून धावणारा सेवारस्ता यांतील अंतर अनेकदा एवढेच असते. अशा वेळी यंत्र आपला बिंदू जवळच्या रेषेला चिकटवते. ती रेषा चुकीची निघाली, तर दुचाकीस्वार खाली सेवारस्त्यावर असतो आणि यंत्राच्या लेखी तो पुलावरून पुढे निघून गेलेला असतो.

छापील वय आणि लपवलेले वय

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. या विभागाच्या स्थलदर्शक नकाशांच्या क्रमवारीत एरंडोलचा परिसर ४६ पी या पत्रकात येतो. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांतून हे नकाशे कापडावर चिकटवून ठेवलेले असत आणि काही ठिकाणी आजही आहेत. या नकाशांकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले असता त्यांची एक नैतिक बाजू लक्षात येते. पत्रकाच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते. आवृत्ती सांगितलेली असते. चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतील फरकही दिलेला असतो. ग्रंथाला जसे प्रकाशनवर्ष असते, तसे या नकाशाला वय असते आणि तो ते लपवत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्रकावर नवे धरण नसेल, तर वाचक नकाशाला खोटा म्हणत नाही. तो जुना आहे असे म्हणतो आणि त्या बेताने पुढचे पाऊल टाकतो.

मोबाइलच्या पडद्यावरील नकाशात हे वर्ष कोठेही नसते. त्याच्या कोपऱ्यात छायाचित्रांचे हक्क सांगणारी एखादी बारीक ओळ असते, पण समोरची वळणवाट शेवटची कोणी आणि केव्हा तपासली याचा उल्लेख नसतो. एकाच पडद्यावर काल सुधारलेला चौक आणि दहा वर्षांत कोणीही न पाहिलेली गाडवाट एकाच रंगात, एकाच जाडीत शेजारी शेजारी नांदतात. ग्रंथव्यवहारात अशा पुस्तकाला आपण काय म्हटले असते? ज्याची काही पाने नव्या आवृत्तीची, काही जुन्या आवृत्तीची आणि कोणती कोणाची हे वाचकाला कळू न देणारी संहिता कोणताही अभ्यासक प्रमाण मानणार नाही.

जुना नकाशाही निर्दोष होता असे नव्हे. सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रके १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली होती, तर जीपीएस वेगळ्या जागतिक आधारावर चालते. दोहोंतील फरक लक्षात न घेता जीपीएसचे आकडे जुन्या पत्रकावर मांडले, तर खानदेशात साधारण शंभर मीटरांच्या पातळीची चूक होते. एखादी विहीर नदीच्या दुसऱ्या काठावर जाण्यास एवढी चूक पुरेशी आहे. शिवाय हे नकाशे सामान्य माणसाच्या हाती सहजासहजी पडत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि खुली अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये खुल्या मालिकेतील पत्रके संकेतस्थळावरून विनामूल्य देण्यास सुरुवात झाली. मधल्या काळात, २०१६ मध्ये, भौगोलिक माहिती परवान्याशिवाय गोळा करणाऱ्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवणारा विधेयकाचा मसुदाही निघाला होता. तो कायद्यात उतरला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी शासनाने नेमकी उलट दिशा धरली आणि भारतीय संस्थांसाठी नकाशानिर्मितीवरील बंधने सैल केली. ज्या काळात शासन नकाशा कुलुपात ठेवावा की खुला करावा या विचारात होते, त्याच काळात खाजगी नकाशा घराघरांत पोहोचला. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकाशी त्याची तुलना करण्याची सवय वाचकाला लागलीच नाही.

ऋतू नसलेला नकाशा

डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने आपल्या नकाशात दुचाकीसाठी स्वतंत्र मार्गदर्शन सुरू केले आणि त्याची सुरुवात भारतातून केली. मोटार जेथून जाऊ शकत नाही अशा जवळच्या वाटाही दुचाकीस्वाराला सुचवाव्यात, ही त्यामागची कल्पना. दुचाकी हे भारतातील बहुसंख्यांचे वाहन आहे, याची नकाशाकर्त्याने घेतलेली ही पहिली ठळक दखल होय आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र ही कल्पना शहरातील गल्लीबोळ समोर ठेवून आकाराला आलेली दिसते. तीच कल्पना तापी-गिरणेच्या काळ्या मातीत उतरली की तिचे काय होते?

एरंडोल, धरणगाव, पारोळा या पट्ट्यातील शेतवाटा वर्षातून आठ महिने उत्तम रस्ते असतात. बैलगाडीच्या चाकांनी आणि ट्रॅक्टरच्या टायरांनी घट्ट झालेली ही माती उन्हाळ्यात डांबरी रस्त्यापेक्षा बरी वाटावी अशी असते. मृगाचा पाऊस पडला की तीच माती खानदेशात ज्याला 'गारा' म्हणतात तो होते. चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये ती भरते, चाक फिरेनासे होते आणि काडीने चिखल उकरत गाडी ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गावातील माणूस ही वाट जूनमध्ये सोडतो आणि दिवाळीनंतर पुन्हा धरतो. नदीपात्राचेही तसेच. गिरणेच्या कोरड्या पात्रातून उन्हाळ्यात वाहने सहज पलीकडे जातात. पावसाळ्यात तेथे वाट होती हेही खरे वाटत नाही.

येथे जुन्या स्थलदर्शक नकाशाची सांकेतिक चिन्हे पुन्हा पाहण्यासारखी आहेत. त्यांत पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडवाट, लमाणी बैलांची वाट आणि पाऊलवाट यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. पाण्याचा उतार आणि फरशी वेगळी दाखवली जाते. बारमाही तळे आणि कोरडे तळे यांत भेद केला जातो. इतकेच नव्हे तर ज्या ओढ्याच्या पात्रातूनच वाट जाते, त्या ओढ्यासाठीही स्वतंत्र चिन्ह आहे. ज्या मोजणीदारांनी ही चिन्हे वापरली त्यांनी पायी चालून, स्थानिक माणसाला विचारून तो भेद टिपला होता. त्यांचा हेतू महसूल आणि लष्कर हा होता, लोककल्याणाचा मुळीच नव्हता. तरीही जमिनीचा ऋतू त्यांच्या नकाशात शिरला, कारण त्याविना सैन्याची गाडी चिखलात रुतली असती. आजच्या पडद्यावर बारा महिने एकच पांढरी रेषा असते.

याची किंमत काय असते हे जानेवारी २०२१ मधील अकोले तालुक्यातील घटनेने दाखवले. तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या जलाशयातील पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो. कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक मोटार रात्रीच्या अंधारात नकाशाने दाखवलेल्या त्या रस्त्यावरून थेट पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नकाशातील रस्ता खोटा नव्हता. तो काही महिन्यांपुरता खरा होता.

ही घटना मोटारीची आहे, दुचाकीची नाही. पण मोटारीत शेजारी बसलेला माणूस नकाशा वाचू शकतो. दुचाकीवर वाहनचालक हाच एकमेव वाचक असतो. हेल्मेटच्या आत आवाज नीट पोहोचत नाही. पावसाचे थेंब पडद्यालाही बोटासारखे भासतात आणि नकाशा आपोआप सरकतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव जिल्ह्यातील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तर आयफोनसारख्या उपकरणाचे निर्माते ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानतात. खानदेशच्या उन्हात हँडलवर अडकवलेला फोन आधी अंधूक होतो आणि मग बंद पडतो. मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातील नाजूक यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा त्याच निर्मात्यांनी २०२१ मध्ये दिला होता. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने वाहन चालवताना केवळ मार्गदर्शनासाठी फोन वापरण्यास मुभा दिली, पण चालकाचे लक्ष विचलित होणार नाही ही अट घातली. वळणावर खाली मान घालून दोन बोटांनी नकाशा मोठा करणारा स्वार ही अट पाळतो असे कोणी म्हणणार नाही.

नावे आणि मौने

एरंडोल तालुक्यात उत्राण नावाचे गाव आहे. महसुली दप्तरात ते एक नसून दोन आहे : उत्राण अहीर हद्द आणि उत्राण गुजर हद्द. दोन शब्दांत वस्तीचा, जातीसमूहांचा आणि जमिनीच्या वाटणीचा इतिहास साठलेला आहे. खानदेशातील अनेक गावांच्या नावापुढे येणारे 'प्र.' हे संक्षिप्त अक्षर जुन्या परगण्याची खूण आहे. एकाच नावाच्या दोन पिंप्री वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून ते आले. बुद्रुक आणि खुर्द यांचे कामही तेच. पडद्यावरील नकाशात ही शेपटे बऱ्याचदा गळतात किंवा अनाकलनीय रोमन आद्याक्षरे होऊन उरतात. रोमन लिपीतून आलेली नावे यंत्र जेव्हा उच्चारते तेव्हा 'ळ' चा 'ल' होतो, दीर्घ-ऱ्हस्वाची मोडतोड होते आणि पाळधीच्या माणसाला आपले गाव ओळखू येत नाही. भाषेच्या प्राध्यापकाला हा केवळ उच्चारदोष वाटेल. नवख्या स्वाराला मात्र तो भलत्याच पिंप्रीत नेऊन सोडतो.

रस्त्यांच्या नावांचेही असेच आहे. सुरतेहून जळगाव-नागपूरमार्गे पूर्वेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक २०१० च्या पुनर्रचनेत सहाचा त्रेपन्न झाला. लोकांच्या तोंडी तो अद्याप 'सहा नंबर'च आहे. फागणे ते तरसोद या टप्प्याच्या चौपदरीकरणाने तर रस्त्याचे शरीरच बदलले. जेथे उजवीकडे सहज वळता येत होते तेथे दुभाजक आला, काही गावे बाह्यवळणाने बाजूला पडली, पाळधी ते तरसोद हा जळगाव शहराला वळसा घालणारा मार्ग निघाला. बांधकामाच्या वर्षांत रस्ता आठवड्याला बदलतो आणि नकाशा कधी त्याच्या मागे तर कधी पुढे असतो.

महानगरात अशी चूक लवकर दुरुस्त होते. तेथे हजारो फोन त्याच चौकातून जातात, त्यांच्या गतीवरून यंत्राला बदल कळतो, वापरकर्ते तक्रारी नोंदवतात. दिवसाला वीस दुचाकी जाणाऱ्या वाटेविषयी यंत्राला कळणार तरी कसे? २००८ पासून सामान्य माणसाला नकाशात भर घालू देणारी गूगलची 'मॅप मेकर' ही सोय मार्च २०१७ मध्ये बंद झाली. दुरुस्ती सुचवण्याचे मार्ग आजही आहेत, पण ते वापरणारा हात गावात कमी आहे. परिणामी ज्याला नकाशाची गरज अधिक, त्याच्या वाट्याला जुना नकाशा येतो. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला हे समीकरण ग्रंथालयाच्या अनुभवावरून नवे वाटणार नाही.

या ठिकाणी एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. यंत्र बाजूला ठेवून माणसाला रस्ता विचारावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आठे-तठे करीत हाताने दिशा दाखवणारा, मारुतीच्या देवळापासून चिंचेपर्यंत आणि चिंचेपासून सोसायटीच्या गोदामापर्यंत वाट सांगणारा अहिराणी माणूस हा खरोखरच उत्तम नकाशा आहे. त्याला ऋतू ठाऊक असतो आणि काल कोसळलेली फरशीही. परंतु रस्ता विचारणे ही आपल्या समाजात सर्वांसाठी सारखी गोष्ट नाही. 'कोणाकडे जायचे?' या प्रश्नामागून 'कोणत्या गावचे? आडनाव काय?' हे प्रश्न येतात. त्यांची उत्तरे देण्याची ज्याला भीती वाटते किंवा ज्याने ती देऊन अपमान सोसला आहे, त्याला न बोलणारे यंत्र सोयीचे वाटते. संध्याकाळी एकटी स्कूटी चालवत परतणारी परिचारिका किंवा शिक्षिका पारावरच्या घोळक्यापाशी थांबून रस्ता विचारील, ही अपेक्षाही गैर आहे. यंत्र आडनाव विचारत नाही, हा त्याचा गुण मोठा आहे. म्हणूनच त्याचा नकाशा जुना असणे ही गैरसोयीपेक्षा गंभीर बाब ठरते. ज्यांनी माणसांवर विसंबण्यापेक्षा नकाशावर विसंबणे पसंत केले, त्यांचाच हा विश्वासभंग असतो.

दप्तर आणि पडदा

मग अद्ययावत माहिती कोठे आहे? ती अस्तित्वातच नाही असे नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडवलेली वाट मोकळी करून देण्याचे आदेश निघतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना जाहीर केली आणि तिच्याखाली पाणंदी पक्क्या करण्याची कामे हाती घेतली गेली. पूल बंद केल्याची नोंद सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते, धरणाची पातळी जलसंपदा विभागाकडे असते.

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेली जिल्ह्यातील फरिदपूरजवळ रामगंगेवरील तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेलेला होता. त्या प्रकरणी बांधकाम विभागाच्या अभियंत्यांबरोबर नकाशासेवेच्या अनाम अधिकाऱ्याचेही नाव पोलिसांच्या नोंदीत आले. दोषाची वाटणी न्यायालय करील. पण पूल वाहून गेला ही गोष्ट एका कार्यालयाला ठाऊक होती आणि पडद्याला ठाऊक नव्हती, एवढे या नोंदीतूनच स्पष्ट होते.

एरंडोलच्या तहसील कार्यालयात एखाद्या पाणंदीवरील अतिक्रमण हटवण्याचा आदेश निघाला, तर त्याची प्रत अर्जदाराला, सामनेवाल्याला आणि तलाठ्याला (आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला) जाते. मंडळ अधिकारी जागेवर जाऊन पंचनामा करतात, तो मिसलीला लागतो आणि मिसल अभिलेख कक्षात जाते. तिच्यात रस्त्याची लांबी, रुंदी, गट क्रमांक, चतुःसीमा आणि तारीख असे सर्व काही असते. त्या कक्षापासून दुचाकीच्या हँडलवरील पडद्यापर्यंत मात्र कोणतीही वाट आखलेली नाही.